रिकाम्या स्वयंपाकघराचा आवाज

माझ्या मुलाला परीक्षा नसते. पुण्यातल्या माझ्या दादाला ही गोष्ट मी कधीपासून समजावते आहे, पण ती त्याच्या गळी उतरत नाही. "पेपर नाही, मार्क नाहीत, मग पोरगा पास झाला हे कळतं कसं?" असं तो दर फोनला विचारतो. मी सांगते, अरे, त्याचा पोर्टफोलिओ असतो, इंटरनेटवर. केलेलं काम तो त्यात चढवत जातो, ते कसं केलं ते लिहितो, फसलेलं कामही तिथेच ठेवतो. शिक्षक आणि वर्गातली मुलं खाली आपलं म्हणणं लिहितात. सेमिस्टरच्या शेवटी प्राध्यापक ते सगळं उघडून बसतात आणि त्याला समोर घेऊन बोलतात, त्याला कोलोक्वियम म्हणतात. "पण फसलेलं कशाला ठेवायचं?" दादा म्हणतो. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरते, तेव्हा मला तरी हे कळायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मलाही ते पटलेलं नव्हतं.

मुलगा शिकतो ते आवाज. गाणं नाही, वाद्य नाही, नुसते आवाज. इथे जर्मनीत, डार्मश्टाटमधल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांतली पोरं कुणी यंत्रांकडे गेली, कुणी औषधांकडे, आणि आमचे चिरंजीव दोन गाड्या बदलून जावं लागतं अशा गावी कला महाविद्यालयात बसून फ्रिजची घरघर रेकॉर्ड करतात. मी यावर पुष्कळ तोंड वाजवलं. त्याच्या बाबांना मात्र भारी कौतुक. ऑफिसातून आले की ते मुलाला फोन लावायचे आणि "आज काय ऐकलंस?" असं विचारायचे. हे मराठीतून विचारायचे, तो जर्मनमधून सांगायचा, आणि दोघांचं झकास चालायचं.

आता जे सांगणार आहे त्याच्या मुळाशी आपल्याकडची एक रीत आहे. परीक्षा होईपर्यंत मुलांच्या कानावर काही घालायचं नाही. माझी बारावी चालू असताना आजोबा गेले. शेवटचा पेपर देऊन मी घरी आले तर त्यांची खाट उचललेली होती आणि फरशीवर तिच्या जागी फिकट चौकोन तेवढा राहिला होता. त्या चौकोनाकडे बघून मला कळलं. यात काही चुकलं असं घरात कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही. त्यामुळे यांचे रिपोर्ट आले तेव्हा "त्याचं सादरीकरण तोंडावर आलंय, ते होऊ दे, मग सांगू," असं हे म्हणाले आणि मी मान डोलावली. सादरीकरण झालं, मग पोर्टफोलिओची कसलीशी मुदत आली, मग आणखी काहीतरी. ज्याला परीक्षाच नाही त्याची परीक्षा संपणार कधी? अखेर मुलगा आला तोवर यांचा आवाज गेला होता. हे ओठ हलवायचे, तो वाकून कान लावायचा, आणि त्याला काही ऐकू यायचं नाही. नंतरही तो मला एका शब्दाने काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

हे गेल्यावर दादाने धोशा लावला. तिथे एकटी काय करतेस, परत ये. आमच्या कंपनीचं पुण्यात ऑफिस आहे, तिथे बदली मिळण्यासारखी होती. साहेबांशी बोलणंही झालं होतं. उन्हाळ्यात जायचं असं मी मनात जवळजवळ पक्कं करून टाकलं होतं. मुलाला सांगितलं नव्हतं. त्याचं शेवटचं वर्ष, फेब्रुवारीअखेर शेवटचा कोलोक्वियम. तो होऊ दे, मग सांगू. हो, पुन्हा तेच. काही सवयी माणसाच्या हाडात असतात.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी त्याची लिंक आली. इथला रविवार म्हणजे दुकानं बंद, भिंतीला खिळा ठोकायचा नाही, रिकाम्या बाटल्या काच टाकायच्या डब्यात टाकल्या तरी खालच्या मजल्यावरच्या बाई खिडकीत येऊन बघतात. त्यात बाहेर धुकं. समोरची इमारत पार दिसेनाशी झाली होती. लिंकखाली त्याने लिहिलं होतं, की हे मला कोलोक्वियममध्ये लावायचं आहे, त्याला तुझी परवानगी लागेल, आधी हेडफोन लावून ऐक, शनिवारी घरी येतो तेव्हा बोलू. इतक्या वर्षांत त्याने मला पोर्टफोलिओ एकदाही दाखवला नव्हता. मी चहा केला, यांचे ते मोठे हेडफोन शोधले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले.

कामाचं नाव होतं 'रिकाम्या खोल्या'. सिनेमासाठी आवाज रेकॉर्ड करणारे लोक म्हणे काम झालं की सगळ्यांना बाहेर काढतात आणि थोडा वेळ नुसती खोली रेकॉर्ड करतात. कुणी नसताना खोलीचा जो आवाज उरतो त्याला ते आत्मो म्हणतात. पुढे संवादांच्या मधल्या जागा भरायला तो उपयोगी पडतो. मुलाने फक्त त्या उरलेल्या आवाजांचंच काम केलं होतं. प्रत्येक खोलीचं एक पान होतं. त्यावर फोटो, रेकॉर्डिंग, आधीचे फसलेले प्रयत्न, मग त्याचं स्वतःचं चिंतन, आणि सगळ्यांत खाली इतरांचे शेरे. एक लाँड्री होती. कुणा मैत्रिणीची माळ्यावरची खोली होती. मला आधी हसूच आलं, याच्यासाठी आम्ही इतकी वर्षं खस्ता खाल्ल्या का म्हणून. मग कॉलेजातली पियानोची खोली लागली. तिथे कुणीही नव्हतं, पियानोचं झाकण उघडं होतं, आणि मधूनच त्याच्या तारा आपल्या आपण गुणगुणल्यासारख्या वाजायच्या. रस्त्यावरून ट्राम गेली की तसं होतं, असं मुलाने खाली लिहून ठेवलं होतं. ते वाचल्यावरही माझ्या अंगावरचा काटा गेला नाही.

शेवटचं पान होतं 'किचन, डार्मश्टाट'. फोटोत माझंच स्वयंपाकघर, मी बसले होते तेच टेबल आणि दोन्ही खुर्च्या आत सरकवलेल्या.

मला तो ऑक्टोबरमधला दिवस आठवला. मुलगा दोन दिवसांसाठी आला होता. त्याने रेकॉर्डर कपाटावर कुकरच्या मागे ठेवला आणि म्हणाला, आता दोघांनीही बाहेर जायचं. मी तळ्याकडे फिरायला गेले. तो खाली उतरला तर त्याला शाळेतला जुना मित्र भेटला आणि तो तिकडेच अडकला. मी आधी परत आले. एवढं सगळं मला आठवत होतं. कपाटावर यंत्र चालू आहे हे मात्र मी घरात येईपर्यंत साफ विसरून गेले असणार.

हेडफोनमध्ये माझा फ्रिज घरघरत होता. माझ्या पाठीमागचा खरा फ्रिजही घरघरत होता, आणि दोघांचा मेळ बसत नव्हता. बराच वेळ तेवढंच चाललं. मग कुलपात किल्ली फिरली. बूट काढल्याचा आवाज, सपाता, पिशवी ठेवल्याचा आवाज. एक खुर्ची ओढली गेली. मग आणखी एक खुर्ची ओढली गेली. आणि मी बोलायला लागले.

"अहो, तळ्यावर काय गर्दी म्हणून सांगू. जरा ऊन पडलं की सगळं गाव बाहेर." मग मी थांबले. "नाही हो, पोहायला कोण उतरतंय आता. बदकं होती." पुन्हा थांबले, आणि हसले. "तुम्हाला काय जातंय बोलायला!"

मी हेडफोन काढून मागे वळून बघितलं. मागे कुणी असणार नव्हतंच. तरी बघितलं.

हे तेव्हा जाऊन सहा-सात महिने झाले होते. एकटं माणूस स्वतःशी पुटपुटतं, हे मला ठाऊक आहे. पण हे पुटपुटणं नव्हतं. मी वाक्य बोलत होते, थांबत होते, आणि त्या थांबण्याच्या लांब्या वेगवेगळ्या होत्या. कुठे चुटकीएवढी जागा, कुठे लांबलचक, आणि प्रत्येक जागेनंतरचं माझं वाक्य मधे काहीतरी ऐकल्यासारखं. दोन यंत्रांच्या बोलण्यातली एकाची बाजू हरवली तरी दुसऱ्याच्या बाजूवरून काय हरवलं ते ओळखायचं, हे तर माझं रोजचं काम. इथे मला एक बाजू स्वच्छ ऐकू येत होती, ती माझीच होती, आणि त्यातलं एक अक्षरही मला आठवत नव्हतं. मी घाबरले. वेड लागायची सुरुवात अशीच होते की काय, असं थेट मनात आलं.

मी पुन्हा हेडफोन लावले. हेडफोनमधली मी आता हळू आवाजात बोलत होते. "दादाचा फोन आला होता. परत ये म्हणतोय. उन्हाळ्यात जमेल तसं. जाऊ का मी?"

त्यानंतरची जागा सगळ्यांत लांब होती. तिच्या मधेच फ्रिज बंद पडला, तो थोड्या थोड्या वेळाने पडतोच, आणि खोली एकदम खोल झाल्यासारखी वाटली. हीटरचा पाइप दोनदा टिचकला. आणखी काही नाही. मग माझा आवाज आला, अगदी शहाण्या मुलीसारखा. "बरं. पण त्याची परीक्षा तर होऊ दे." एक खुर्ची मागे सरकली, आणि मग दुसरी.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलगा मराठी बोलत नाही, पण त्याला कळतं सगळं. मी जाणार आहे हे त्याला ऑक्टोबरपासून ठाऊक होतं. गाडीत बसल्या बसल्या कानाला लावून त्याने हे ऐकलं असणार.

पान खाली सरकवलं. चिंतनाची चौकट कोरी होती. बाकी प्रत्येक खोलीखाली त्याने पानभर लिहिलं होतं, इथे काहीच नाही. शेऱ्यांमध्ये वर्गातल्या एका मुलीने लिहिलं होतं, की भाषा कळत नाही पण ऐकून फार छान वाटलं, तुझी आई किती मोकळी बोलते आणि तुझे बाबा किती हळू उत्तर देतात, ते माइकपासून लांब बसले होते का? म्हणजे बाबा गेल्याचं या पोराने कॉलेजात कुणाला सांगितलंसुद्धा नव्हतं. त्या मुलीला त्याने उत्तर दिलेलं नव्हतं. त्याखाली शिक्षिकेचं एकच वाक्य होतं, पुढे काय? पुढे काही नव्हतं. ऑक्टोबरनंतर त्याने पोर्टफोलिओत काहीही चढवलेलं नव्हतं, आणि कोलोक्वियम तोंडावर आला होता.

किती हळू उत्तर देतात. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. अंधार पडेपर्यंत मी ती लांब जागा पुन्हा पुन्हा ऐकत बसले. आवाज वाढवला, डोळे मिटले, एक कान मोकळा ठेवून पाहिलं. मला पाइप ऐकू आला आणि खोलीचा तो उरलेला आवाज ऐकू आला. मग मी खुर्च्यांच्या मागे लागले. मी पिशवी ठेवायला दुसरी खुर्ची ओढत असेन, हे ठीक. पण आता यांची खुर्ची ओढली तर आवाजच येत नव्हता. मग लक्षात आलं, खालच्या बाईंची तक्रार आली म्हणून नोव्हेंबरमध्ये मी खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे तुकडे चिकटवले होते. ते सुरीने खरवडून काढले आणि खुर्ची पुन्हा ओढली. हुबेहूब तोच आवाज. हायसं वाटलं. म्हणजे माझ्याच हाताने ओढली होती. फक्त शेवटी, आवाज ओळखून ऐकलं तर, यांची खुर्ची आधी मागे सरकते आणि माझी नंतर, आणि बसलेल्या जागेवरून माझा हात तिकडे पोचत नाही, हे मी त्या दिवशी स्वतःपासून लपवलं.

तो आठवडा वाईट गेला. मला वाटलं होतं, आता आपण घरात बोलतो कसे यावर लक्ष ठेवता येईल. झालं उलटंच. माझी वाचाच बसली. कामावरून यायचे, बूट काढायचे, आणि जीभ हलायची नाही. एकदा मुद्दाम मोठ्याने "अहो" म्हटलं, तर परक्याच्या घरात हाक मारल्यासारखं वाटलं आणि मी ओशाळले. इतके महिने मी एकटी नव्हते, आणि ते मला ठाऊक नसल्यामुळेच नव्हते. आता खरोखरची एकटी झाले. त्या पोराचा मला इतका राग आला, की शनिवारी दार उघडताना मी त्याच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

त्याला थालीपीठ वाढलं. त्याने ते खाल्लं नाही, चिवडत बसला.

"परवानगी हवी ना? घे," मी म्हटलं. "लाव, सगळ्या प्रोफेसरांना ऐकव. आई वेडी आहे म्हणून मार्क जास्त मिळतील."

"मी त्यासाठी आलो नाही," तो म्हणाला. तो जर्मनमध्येच बोलत होता, मी मराठीत लिहिते आहे.

"मग कशासाठी आलास?"

त्याने ताट बाजूला सारलं. मग मीच घसरले. जे विचारायचं नव्हतं तेच तोंडातून आलं. "त्या मुलीने लिहिलंय, बाबा हळू उत्तर देतात. तुला येतं का रे काही ऐकू?"

त्याने वर बघितलं. "तुला नाही येत?"

"मला पाइप ऐकू येतो."

त्याने लॅपटॉप उघडला, बोटाने ती लांब जागा शोधली, आणि हेडफोन माझ्याकडे न देता स्वतःच्या कानाला लावून बसला. त्याची मान एका बाजूला कलली. दवाखान्यात तो असाच वाकायचा. स्वयंपाकघरात दुपारचं नीट ऊन होतं, तरी मला आपल्या पाठीमागे बघवेना.

"आल्झो, तर," तो हळूच म्हणाला, "आधी बराच वेळ ते काही बोलत नाहीत. मग म्हणतात." आणि पुढचं वाक्य त्याने मराठीत म्हटलं. त्याचं मराठी मोडकं आहे, शब्दांवर जर्मन वजन पडतं. हे वाक्य तसं आलं नाही. ते यांच्या चालीत आलं, शेवटचा शब्द जरा ओढून, अर्धवट चिडवल्यासारखं.

"त्याला विचारलंस का?"

पुढचं माझं वाक्य मला आता पाठ झालं होतं. बरं, पण त्याची परीक्षा तर होऊ दे. आठवडाभर मला वाटत होतं, की हे जा म्हणाले आणि मी बरं म्हटलं. तसं नव्हतं. ते वाक्य या प्रश्नाचंच उत्तर होतं. याच्याशिवाय दुसऱ्या कशाचंच होऊ शकत नव्हतं.

मी जेमतेम सावरले. "त्यात काय एवढं," मी म्हटलं, "माझं पुढचं वाक्य ऐकलं की मागचा प्रश्न कुणालाही जुळवता येईल. तू डोक्याने जुळवलंस, कानाने नाही."

"गेनाऊ, बरोबर," तो म्हणाला. "असेल तसंही." हेडफोन काढून त्याने टेबलावर ठेवले. "दवाखान्यात मी कान लावला, तेव्हा मला काही ऐकू आलं नाही. इथे आलं. ते कुठून आलं ते मला माहीत नाही, आई. ऐकल्यावर मला वाटलं, तू आता विचारशील. मी गेलो तेव्हा स्टेशनवर विचारशील असं वाटलं. मग फोनवर. मग ख्रिसमसला आलो तेव्हा. त्यानंतर मी रेकॉर्डर कुठल्याही खोलीत नेला की तीच शांतता ऐकू येते. मला दुसरं काही करता येत नाही."

"अरे, तुझा कोलोक्वियम," मी म्हणायला लागले, आणि थांबले. आता मी थांबले होते, आणि समोर जिवंत माणूस होतं.

मग मी विचारलं. नीट, त्याच्याकडे बघून विचारलं. "दादा परत ये म्हणतोय. मी पुण्याला जाऊ का?"

त्याने उत्तराला वेळ घेतला. मी घाई केली नाही.

"नॉख निश्त," तो म्हणाला. इतक्यात नको. आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा तो माझ्यासमोर रडायला लागला, लहानपणी रडायचा तसा तोंड उघडं टाकून, मोठ्याने, रविवार असता तर खालच्या बाई वर आल्या असत्या इतक्या मोठ्याने.